महिन्याला अडीच हजारात रोमन नाणी जमवता येतील का? सुरुवात कुठून करू?

लोअरपरळकर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. माझ्याकडे आजोबांच्या डब्यातल्या बारा-पंधरा शिवराया (तांब्याची जुनी मराठा नाणी) आहेत, त्यात दोन दुदांडी छापाच्या, तिथून हा नाद लागला. गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एका सिनियरनी त्यांचं रोमन नाणं हातावर ठेवलं, शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं, काळपट हिरवं, आणि म्हणाले सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचं आहे, दोन हजाराच्या आत मिळालं. मला खरंच वाटेना. मी समजत होतो रोमन नाणं म्हणजे म्युझियममध्ये काचेच्या आत बघायची गोष्ट, लिलावात लाखांनी जाणारी. घरी येताना लोकलमध्ये डोक्यात तेवढंच, की कुणीतरी हे देऊन पाव घेतला असेल, तेल घेतलं असेल, आणि आता ते माझ्या तळहातावर होतं.

तर प्रश्न असे. महिन्याला अडीच हजार बाजूला काढू शकतो, त्याहून जास्त नाही. एवढ्यात खरी नाणी मिळतात का? इतके सम्राट आहेत, कुठून सुरू करायचं? फोर्टच्या फुटपाथवर आणि चोर बाजारात मटन स्ट्रीटला 'रोमन' म्हणून काय काय दाखवतात, तिकडे हात लावावा का? मुलगी सातवीत आहे, तिला इतिहासाची आवड आहे, तिच्यासोबत बसून बघता येईल असं काहीतरी हवंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

ताम्रपट

लोअरपरळकर, मिळतात आणि भरपूर मिळतात. आधी एक गैरसमज काढून टाका की स्वस्त म्हणजे दुय्यम. चौथ्या शतकातली तांब्याची नाणी स्वस्त आहेत कारण ती लाखोंनी पाडली, सैनिकांच्या पगारातून बाजारात आली, लोकांनी मडक्यात भरून पुरून ठेवली आणि ती मडकी आजपर्यंत सापडतायत. इतिहास त्यांच्यात सोन्याच्या नाण्याएवढाच आहे, उलट मला तर जास्त वाटतो, कारण सोन्याचं नाणं बाजारात भाजी घ्यायला कुणी नेत नव्हतं.

माझा सल्ला, सम्राटांची लिस्ट पुरी करायच्या मागे लागू नका. ऑगस्टसपासून सुरू केलंत तर चौथ्या-पाचव्या नावाला बजेट संपतं आणि मन खट्टू होतं. एक घर धरा. सम्राट कॉन्स्टंटाइनचं घर. भाऊबंदकी काय असते ते बघायचं असेल तर नारायणराव पेशव्यांच्या खुनाइतकाच जिवाला चटका लावणारा मामला आहे तो, आणि गंमत म्हणजे तो सगळा एकाच छापाच्या नाण्यांवर बघायला मिळतो.

त्या छापाचं नाव ग्लोरिया एक्झर्सिटस, म्हणजे सैन्याचा गौरव. मागच्या बाजूला दोन शिपाई समोरासमोर उभे, हातात भाला, ढालीवर हात टेकलेला, आणि मधे लष्करी निशाण. आता भिंग घ्या आणि निशाणं मोजा. दोन असतील तर नाणं ३३० ते ३३५ मधलं. एकच असेल तर ३३५ नंतरचं. कारण काय, तर ३३५ च्या सुमाराला नाण्याचं वजन कमी केलं, आधी अडीच ग्रॅमच्या आसपास होतं ते दीड ग्रॅमपर्यंत आलं, चकती लहान झाली आणि दोन निशाणं मावेनात म्हणून एक काढलं. महागाई म्हणा, तिजोरीतली टंचाई म्हणा, ती तुमच्या मुलीला नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल.

हाच छाप बापाच्या, म्हणजे कॉन्स्टंटाइन पहिल्याच्या नावाने आहे, कॉन्स्टंटाइन दुसरा, कॉन्स्टँशियस दुसरा आणि कॉन्स्टन्स या तीन मुलांच्या नावाने आहे आणि पुतण्या डाल्मेशियसच्या नावानेही आहे. ३३७ च्या मे महिन्यात बाप गेला आणि त्याच उन्हाळ्यात घरातली चुलत माणसं सैनिकांकरवी कापली गेली, त्यात डाल्मेशियसही गेला, तो जेमतेम दोन वर्षं सीझर, म्हणजे युवराज होता म्हणून त्याचं नाणं बाकीच्यांपेक्षा दुर्मीळ आणि थोडं महाग. मग ३४० मध्ये थोरला भाऊ कॉन्स्टंटाइन दुसरा धाकट्या कॉन्स्टन्सच्या मुलखात घुसला आणि इटलीत ॲक्विलियाजवळ मारला गेला. ३५० मध्ये कॉन्स्टन्सला बंडखोर मॅग्नेन्शियसच्या माणसांनी संपवलं. उरला एकटा कॉन्स्टँशियस. सगळे भाऊ नाण्यावर मात्र सारखेच, तेच शिपाई, तेच निशाण, नाव वाचल्याशिवाय कोण कुठला कळत नाही.

याच्या जोडीला ३३० नंतरची दोन नाणी घ्या ज्यांच्यावर सम्राटाचं नावच नाही. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे लांडगीण, पोटाशी रोम वसवणारी दंतकथेतली जुळी भावंडं रोम्युलस-रीमस, वर दोन तारे. दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या नाळेवर पाय ठेवलेली विजयदेवता. ११ मे ३३० ला नव्या राजधानीचा सोहळा झाला, त्याच काळातली ही जोडी, जुनी राजधानी आणि नवी राजधानी. मुलीला लांडगीण पहिली द्या, लगेच जीव जडेल.

मला गेल्या दोन-तीन वर्षांत ही नाणी ९०० पासून २२०० पर्यंत मिळाली, डाल्मेशियस सोडून.

भिंगवाला_काका

ताम्रपट यांच्या पोस्टला +१.

फक्त एक, घाई नको. मी घाई केली आणि शेकलो. एका प्रदर्शनात रोमन सम्राट ट्रेजनचा चांदीचा डिनारियस म्हणून साडेचार हजाराला घेतला, विकणारा इतका छान बोलत होता की बिल मागायचंसुद्धा सुचलं नाही. घरी येऊन काट्यावर टाकला तर २.६ ग्रॅम. ट्रेजनचा असता तर सव्वातीनच्या आसपास हवा. मग भिंगाखाली धरला तर चेहऱ्यावर बारीक बारीक खड्डे, सुई टोचल्यासारखे, आणि कडेला गोल फिरलेली रेघ कानशीने घासून घालवलेली. म्हणजे ओतीव. खरं नाणं ठोकलेलं असतं, खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे गरम चकती आणि वरून हातोडा. म्हणून खऱ्या नाण्याची चित्रं बऱ्याचदा मधोमध नसतात, कडेला चीर गेलेली असते, नवखा माणूस त्या चिरेला दोष समजून नाणं परत ठेवतो आणि शेजारचं गोल गरगरीत नकली उचलतो.

तेव्हा पहिल्या महिन्याच्या अडीच हजारात नाणं घेऊच नका. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनारांकडे असतं तसलं, एवढंच घ्या. फुटपाथवर बघायला जरूर जा, मीही जातो, हात बसतो. पण रोमन म्हणून जे दाखवतात ते तिथे घेऊ नका. चांदीच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका, नकली करणाऱ्यांचा सगळा भर चांदीवर असतो. लेखी बिल आणि खोटं निघालं तर परत घेईन असं लिहून देणारा विक्रेता हवा. परदेशातून मागवलंत तर शिपिंग आणि ड्युटी धरून हिशोब करा, नाहीतर हजाराचं नाणं अडीच हजाराला पडतं.

कल्याणची_लेक

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. रोमच हवंय म्हणून थेट रोमला जायची गरज नाही, रोम आपल्या दारात आलं होतं. मी कल्याणला राहते. पहिल्या शतकातला एक ग्रीक बोलणारा व्यापारी, पेरिप्लस हा समुद्रमार्गांवरचा ग्रंथ लिहिणारा, आमच्या कल्याणचं नाव 'कॅलिएना' असं लिहून ठेवतो, सोपाऱ्याचं नाव लिहितो, चौलचंही लिहितो. आणि सांगतो की कल्याण आधी रीतसर बाजारपेठ होती पण नंतर सँडनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात आल्यावर तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहारा देऊन भडोचला नेतात. दोन राजांच्या भांडणात बंदर बंद पडलं! रोज ज्या स्टेशनवरून मी गाडी पकडते त्याच्याबद्दल कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी हे लिहिलंय, मला अजून अंगावर काटा येतो.

तोच माणूस लिहितो की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर इथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होतो. आता त्या मुलखाचा राजा नहपान, त्याचं चांदीचं नाणं बघा. पुढे राजाचा चेहरा, धाटणी रोमन नाण्यासारखी, आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण ती अक्षरं ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही, 'राञो क्षहरातस नहपानस' हेच ग्रीक लिपीत लिहिलंय. मागे बाण, वज्र आणि तेच नाव ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. एका दोन-सव्वादोन ग्रॅमच्या चांदीवर तीन लिप्या. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे, त्यात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशोब दिलाय, एका सुवर्णाला ३५ कार्षापण. शिवाय विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली, त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक आणि १,००० वर पाऊण व्याज. फिक्स्ड डिपॉझिटच की. ती लेणी चढून तो लेख बघितला आणि मग नाणं हातात घेतलं की ते पैसे होते हे पटतं.

नहपानाचं नाणं थोडं महाग वाटलं तर नंतरच्या क्षत्रपांची, म्हणजे इथल्या शक राजांची घ्या, रुद्रसेन, विजयसेन वगैरे, मला बाराशे-पंधराशेला मिळाली आहेत. त्यांच्यावर बापाचं नाव असतं आणि बऱ्याच नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक संवताचं वर्ष असतं, ब्राह्मी आकड्यांत. म्हणजे कुणी पंडित न गाठता तुम्ही स्वतः वर्ष वाचू शकता. मुलीला ब्राह्मी आकडे शिकवा, मे महिन्याच्या सुट्टीत आठवड्याभरात येतात.

ताम्रपट

कल्याणची_लेक, राग कसला, फार सुंदर लिहिलंत. यात एक जोड देतो. मी ज्या चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांबद्दल लिहिलं तीसुद्धा आपल्या देशात आलेली आहेत, तमिळनाडूत करूर आणि मदुराईकडे आणि श्रीलंकेत ती बरीच सापडतात. चांदीची जी सापडतात त्यात ऑगस्टस आणि टायबेरियसचीच गर्दी. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की हिंदुस्थान दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, ही चांदी मिरीच्या आणि मलमलीच्या बदल्यात आलेली. नीरोने ६४ साली चांदीच्या नाण्याचं वजन आणि कस दोन्ही कमी केलं, आणि त्यानंतरचा चांदीचा माल इथे फारसा दिसत नाही. इथले व्यापारी डोळे मिटून घेत नव्हते हो.

कायदा_आधी

मंडळी, चर्चा छान चाललीय पण कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. जवळ ठेवायला, जमवायला अडचण नाही. पण खाजगी माणसाने ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, त्यामुळे भाऊ अमेरिकेत असतो म्हणून त्याच्या बॅगेत चार नाणी देऊ नका, अगदी बाहेरून विकत आणलेलं असलं तरी कागद नसेल तर सिद्ध कसं करणार? विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स लागतं, ते विचारायला लाजू नका. आणि गावाकडे शेतात, विहीर खणताना काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये म्हणजे काहीही आलंच त्यात.

दुसरं, 'न धुतलेल्या रोमन नाण्यांचा लॉट' म्हणून मातीसकट पंचवीस-पन्नास नाणी स्वस्तात विकतात, त्याचा मोह होईल. माझी हात जोडून विनंती, घेऊ नका. तो माल बऱ्याचदा मेटल डिटेक्टर घेऊन रात्री उकरलेला असतो. नाणं कुठल्या थरात, कशासोबत होतं हे कायमचं गेलं. आपल्याकडचं उदाहरण बघा, १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, तो एकत्र राहिला, मोजला गेला, आणि म्हणून कळलं की त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप ठोकलाय. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची मोहोर. तीच नाणी दहा-दहाच्या पुड्या बांधून विकली गेली असती तर आपल्याला ही गोष्टच समजली नसती.

लोअरपरळकर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा धागा वाचून काढला. भिंगवाला काका, भिंग आणि काटा मागवला. मुलीने मतदान करून कॉन्स्टंटाइनचं घर निवडलं, पण ब्राह्मी आकड्यांची वहीसुद्धा तिने सुरू केलीय.

एक शंका. आमच्या आईने शिवराया पाहिल्या आणि देवाच्या भांड्यांसारख्या चिंच-मीठ लावून लख्ख करून ठेवल्या. मी काही बोललो नाही, तिने प्रेमाने केलं. पण रोमन नाण्यांचं काय करायचं? आणि एका शिवराईवर पावसाळ्यानंतर पोपटी पीठ आल्यासारखं दिसतंय.

ताम्रपट

चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही नको. तो काळा-हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी आहे, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असतात. धातू चकाकला की अक्षर गेलं. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रश, बस.

पोपटी पीठ मात्र आजच बघा. नख लावून सहज निघत असेल, खाली खड्डा दिसत असेल तर तो ब्राँझ डिसीज, तांब्यात अडकलेल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की सुरू होतो आणि नाणं पोखरत जातो. मुंबईची हवा त्याला पुरेपूर पोसते, खारी आणि ओली. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. पीठ लाकडी टूथपिकने खरवडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, रोज पाणी बदला, मग पूर्ण वाळवा, ओलावा अजिबात राहता कामा नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जूनपासून दर महिन्याला जेल गरम करून परत कोरडं करा. मऊ प्लास्टिकचे पाउच पीव्हीसीचे असतात, ते चिकट हिरवा रस सोडतात, त्यात नाही ठेवायचं. पुठ्ठ्याची चौकोनी होल्डर वापरा. आणि आईंना सांगा शिवराया अजूनही शिवरायाच आहेत, दहा-वीस वर्षांत परत काळ्या होतील.

लोअरपरळकर

मंडळी, पहिलं नाणं आलं! बिलासकट, चौदाशे रुपये. वजन १.५२ ग्रॅम, सोळा मिलिमीटर. विकणाऱ्याने पाकिटावर नुसतं 'कॉन्स्टंटाइन पहिला' लिहिलंय. दोघं बसलो टेबललॅम्प लावून. निशाण एक आहे, मुलीने दोनदा मोजलं. शिपायांच्या पायाखाली एस, एम, के आणि मग उलट्या एलसारखं काहीतरी, आडवी दांडी वर आहे. पुढच्या बाजूला नाव वाचताना मात्र भांडण झालं. मला कॉन्स्टंटाइनस वाटतंय, ती म्हणते की टी आणि आय नंतर एनच नाहीये, सरळ व्ही आणि एस आहे. शेवटी एन, ओ, बी आणि जरा अंतर सोडून सी. भिंगातून काढलेले फोटो जोडलेत. कोण बरोबर?

ताम्रपट

मुलगी बरोबर. फोटो मोठा करून बघितला, मधे एन नाही. यूसाठी ते व्हीच कोरायचे, त्यामुळे हे कॉन्स्टँशियस, मधला मुलगा. पाकिटावर चुकीचं लिहिलंय, ही चूक खूप होते. खालचं उलटं एल म्हणजे ग्रीक गॅमा, तिसरं अक्षर. एस एम म्हणजे सम्राटाची टांकसाळ, के म्हणजे सिझिकस, आजच्या तुर्कस्तानात मार्माराच्या किनाऱ्यावर, तिथल्या तिसऱ्या कारखान्यात ते ठोकलंय.

आणि नोब सी म्हणजे नोबिलिसिमस सीझर, म्हणजे तो अजून युवराज आहे. तिघे भाऊ ऑगस्टस, म्हणजे पूर्ण सम्राट झाले ९ सप्टेंबर ३३७ ला. निशाण एक, म्हणजे ३३५ च्या आधीचं नाही. दोन्ही टोकं धरलीत की तुमचं नाणं त्या दोन-अडीच वर्षांतलं निघतं. तेव्हा बाप बहुतेक जिवंत असेल, आणि डाल्मेशियसही.

लोअरपरळकर

तिला वाचून दाखवलं. तिने पुठ्ठ्याच्या होल्डरवर जुनं नाव खोडून 'कॉन्स्टँशियस, सिझिकस, ३३५ ते ३३७' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय आणि आता विचारतेय की पुढच्या महिन्यात डाल्मेशियस घेता येईल का, त्याच्यासाठी ती खाऊचे पैसे देणार आहे. साधारण कितीपर्यंत जावं?

भिंगवाला_काका

झिजलेला चालणार असेल तर चार-पाच हजार धरा, दोन महिने थांबा. फक्त नावातली सुरुवातीची डी-ई-एल ही अक्षरं स्पष्ट दिसली पाहिजेत, डेल्मेशियस असंच कोरलेलं असतं बऱ्याच नाण्यांवर. घ्यायच्या आधी फोटो इथे टाका, आम्ही बघतो.